आधी घडलेल्याला हॅड

होळी जवळ आली की आमच्या वरच्या मजल्यावरची मुलगी गॅलरीत येरझारा घालत क्रियापदं पाठ करू लागते. गो, वेंट, गॉन. ईट, एट, ईटन. तिचा आवाज माझ्या खिडकीवरून जातो, लांब होतो, पुन्हा जवळ येतो. मी दुपारची आडवी झालेली असते. डुलकी लागायच्या बेतात असते, तेवढ्यात वरून 'फ्लाय, फ्लू' येतं आणि माझ्या ओठांवर 'फ्लोन' आपोआप येऊन बसतं. खरं तर इतक्या वर्षांत हे विसरून जायला हवं होतं. माझे यजमान गेले त्या वर्षी आम्ही कुठे फिरायला गेलो होतो, ते परवा मला काही केल्या आठवेना. ही तीन-तीन रूपं मात्र जशीच्या तशी शाबूत आहेत.

ती थांबली की दुपार पुन्हा रिकामी होते. मुलं लांब, फोन रविवारी. खाली रिक्षा भांडतात, कुणाच्या तरी कुकरची शिट्टी होते. हीही डोंबिवलीच. पण त्या क्षणी माझ्या डोळ्यांसमोर जी डोंबिवली येते, तिच्यात यातलं काहीच नव्हतं.

पन्नास सालानंतरची ती वर्षं. स्टेशनच्या आसपास थोडी घरं, आणि ती संपली की भातखाचरं. फाल्गुनात खाचरं भेगाळलेली असायची. शेतकरी पालापाचोळा आणि शेण पसरून जमीन भाजून घ्यायचे, त्याला राब भाजणं म्हणत. त्याचा धूर संध्याकाळी जमिनीलगत रेंगाळायचा. केसांना, वाळत घातलेल्या कपड्यांना, पुस्तकांच्या पानांना तो वास लागायचा. खाडीवरून वारा सुटला की त्यात चिखलाचा खारट वास मिसळायचा. विहिरीचं पाणी खोल गेलेलं असे, आणि पोहरा पाण्यावर आपटल्याचा आवाज फार उशिराने वर येई. दुपारी कुठेतरी कोकीळ ओरडत राहायचा. लोकांना तो गोड लागतो. मला मात्र तो घरात कुणी नसल्याची आठवण करून द्यायचा.

मी तेव्हा अकरावीत होते, म्हणजे मॅट्रिकला. आई आदल्या भाद्रपदात तापाने गेली होती. मला भावंडं नव्हती. वडिलांना मी अण्णा म्हणायचे. ते मुंबईला एका कचेरीत कारकून होते. सकाळी जात ते दिवेलागणीला परत येत. स्टेशनापासून जवळच आमच्या भाड्याच्या दोन खोल्या होत्या, मागे पडवी. शाळेतून आले की कुंडीखालची किल्ली काढून कुलूप उघडायचं. आई होती तोवर आमच्या घराला दिवसा कधी कुलूप लागलंच नव्हतं. आत चूल थंड, सकाळचा भात झाकून ठेवलेला. मी उभ्याउभ्याच जेवायचे. बसून जेवायचं म्हणजे पाट मांडायचा, पाणी घ्यायचं. ते सगळं एकटीसाठी करायला हात उचलत नसे. मग पुस्तक घेऊन पडवीत बसायचे आणि मोठ्याने क्रियापदं म्हणायचे. शेजारच्या यमुनाकाकू सगळ्यांना सांगत, पोरीने अभ्यासात जीव घातलाय. तसं काही नव्हतं. घरात कुणाचा तरी आवाज असावा, एवढंच त्यामागे होतं.

इंग्रजी आम्हाला आठवीत सुरू झालं, त्यामुळे अकरावीपर्यंत ते पाहुण्यासारखंच राहिलं. शिकवायला केळकरबाई होत्या. पांढरं पातळ, बारीक अंबाडा, आणि खडू धरलेली लांबसडक बोटं. त्या एकट्याच राहत. पूर्ण भूतकाळ त्यांनी शिकवला तो तास मला अजून दिसतो. फळ्यावर त्यांनी एक आडवी रेघ ओढली. उजव्या टोकाला 'आता' असं लिहिलं, मागे एक फुली केली, आणि तिच्याही मागे आणखी एक. म्हणाल्या, भूतकाळात दोन गोष्टी घडल्या असल्या, तर त्यांतली जी आधी घडली तिला हॅड लावायचा आणि पुढे क्रियापदाचं तिसरं रूप घ्यायचं. नंतर घडली तिला नुसतं दुसरं रूप पुरतं. मी असो, ती असो, ते असोत, हॅड कुणासाठी बदलत नाही. हॅव आणि हॅजने पोळलेल्या आम्हा मुलींना हे ऐकून बरं वाटलं.

मग त्यांनी 'आय हॅड गॉन' याचं मराठी विचारलं. खाडीकडच्या गावातून चालत येणारी सुंदरा म्हणून मुलगी होती, ती पटकन म्हणाली, "मी गेलेली." वर्ग हसला, कारण पुस्तकात 'मी गेले होते' असं होतं. बाई शांतपणे म्हणाल्या की हसण्यासारखं काही नाही, हिने तेच एका शब्दात सांगितलं. सुंदरा खाली बघून हसली. माझ्या कानात मात्र तो शब्द राहिला. आई गेलेली. आमच्या घरात शिरल्यावर दिसायचं ते नेमकं तेवढंच होतं.

त्याच आठवड्यात पुस्तकातली वाक्यं आली. एकेका मुलीने उठून एकेक वाक्य इंग्रजीत सांगायचं. आपल्या वाट्याला कोणतं येणार, हे आम्ही पुढची बाकं बघून आधीच काढून ठेवत असू. मीही काढलं होतं. 'डॉक्टर येण्यापूर्वी रोगी मेला होता.' माझी पाळी येईपर्यंत मी ते मनात तयार केलं. डाय हे इंग्रजीतलं अगदी सरळ क्रियापद आहे. गो-वेंटसारखं ते भलतंच रूप घेत नाही. नुसता एक डी जोडला की दुसरंही रूप होतं आणि तिसरंही. मी ठरवलं होतं की आवाज कापू न देता म्हणायचं. उभी राहिले. बाईंनी पुस्तकात पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि म्हणाल्या, "बस तू. पुढचं वाक्य घेऊ." ते वाक्य कुणीच म्हटलं नाही.

बाईंनी ते मायेनेच केलं. पण मी खाली बसले तेव्हा मला वर्गातून बाहेर ठेवल्यासारखं वाटलं. मला उत्तर येत होतं. त्या दिवसांत सगळे माझ्याशी असंच वागत. विहिरीवर बायका बोलत असायच्या, "डॉक्टर जरा आधी पोचले असते तर..." आणि मी दिसले की वाक्य तिथेच सोडून उन्हाबद्दल बोलायला लागायच्या. शेजारपाजारचे लोक वाटीभर भाजी आणून द्यायचे, डोक्यावर हात ठेवायचे, आणि त्या दिवसाला वळसा घालून निघून जायचे. त्या दिवशी काय काय झालं, हे मला एकदाही कुणी विचारलं नाही.

पूर्वपरीक्षेत मी इंग्रजीत जेमतेम पास झाले. काळांच्या प्रश्नात मी सगळ्याच क्रियापदांना हॅड लावून ठेवला होता. बाईंनी मला थांबवून घेतलं आणि पेपर पुढे ठेवला.

"दोन्हींना हॅड लावलास, तर आधी काय घडलं ते वाचणाऱ्याला कसं कळायचं?"

मी काय सांगणार होते? माझ्या लेखी भाद्रपदातला तो दिवस म्हणजे सगळं एकाच वेळी घडलेलं होतं. पाऊस, अण्णांचं जाणं, आईचा हात, डॉक्टरांची ओली बॅग, सगळं सारखंच मागे आणि सारखंच जवळ. बाई पेपर मिटून म्हणाल्या, तुझे वडील इंग्रजी जाणतात, रोज संध्याकाळी त्यांच्यापुढे बसून थोडी वाक्यं करत जा.

अण्णांना ते सांगायला मला दोन संध्याकाळी लागल्या. आई होती तेव्हा अण्णांचं इंग्रजी हा घरातला विनोदाचा विषय असे. जेवताना ते आईला "सॉल्ट, प्लीज" म्हणायला लावत, आणि आई उत्तरादाखल मिठाचं भांडं त्यांच्यापासून दूर सरकवून ठेवी. आई गेल्यावर अण्णांचं बोलणं घासलेट आणि तांदूळ यांच्यापुरतं उरलं. कचेरीतून आले की उंबऱ्याबाहेर वहाणा न काढताच उभे राहत. आत कुणीतरी असेल का, याचा अंदाज घेत असावेत तसे. मग पाय धुऊन जेवायला बसत आणि अळणी आमटीलाही "छान झालीय" म्हणत. मी बोलले तर त्यांना त्रास होईल म्हणून मी गप्प, आणि ते का गप्प ते मला माहीत नव्हतं. शेजारून पाहणाऱ्याला आमचं घर शांत वाटत असेल.

अभ्यास मात्र त्यांनी लगेच मान्य केला. जेवणाआधी पडवीत कंदील ठेवून आम्ही बसू लागलो. बाहेर राबाचा धूर उतरलेला असायचा. ते मराठी वाक्य म्हणत, मी इंग्रजी करत असे. पहिल्या दिवशी आम्ही दोघंही परक्यासारखे बसलो होतो. पण चूक दुरुस्त करण्यात अण्णांना मुळातच आनंद होता. सिंगचं तिसरं रूप मी सँग म्हटलं, तर ते भुवया उंचावून माझ्याकडे बघत राहिले, मी संग म्हणेपर्यंत. तो त्यांचा जुना चेहरा होता. तेवढ्यासाठी मी कधी कधी मुद्दाम चुकायचे.

असे बरेच दिवस गेल्यावर एका संध्याकाळी आम्ही पुस्तकातल्या त्याच पानावर आलो. अण्णांचं बोट ओळीवरून खाली सरकत होतं. मला पान उलटं दिसत होतं, तरी ते वाक्य कुठे आहे ते मला पाठ होतं. बोट तिथे थबकलं आणि पुढच्या ओळीवर गेलं.

मी म्हटलं, "अण्णा, मधलं एक राहिलं."

ते म्हणाले की ते सोपं आहे, ते नको. मग घाईघाईने त्यांनी पुस्तकाबाहेरचं वाक्य घातलं, मी स्टेशनवर पोचण्यापूर्वी गाडी सुटली होती. मी ते बरोबर केलं. त्यांना हायसं वाटलेलं दिसलं. म्हणाले, आता तुझ्या मनाने एक वाक्य कर.

मी काही ठरवलं नव्हतं. खरंच नव्हतं. पण वर्गात उभं राहून न म्हटलेलं ते वाक्य इतके दिवस माझ्या तोंडात तसंच होतं, आणि अण्णांचं वाक्य त्याला येऊन लागलं.

"मदर हॅड डाइड बिफोर यू रीच्ड द स्टेशन."

"बरोबर," अण्णा म्हणाले.

सवयीने म्हणाले. व्याकरण त्यांना आधी ऐकू आलं आणि अर्थ त्यांच्यापर्यंत नंतर पोचला. त्यांनी पुस्तक मिटलं, पुन्हा उघडलं.

"स्टेशन?" त्यांनी विचारलं. "डॉक्टर नाही?"

"नाही. तुम्ही स्टेशनवर पोचायच्या आधीच."

"तुला कसं कळलं?"

मी सांगितलं. भाद्रपदातल्या त्या दुपारी आईचा ताप एकदम चढला आणि गावातले डॉक्टर नेमके बाहेरगावी होते, म्हणून अण्णा कल्याणच्या डॉक्टरांना आणायला निघाले. धो धो पाऊस होता. ते वळणापलीकडे गेले, मी आत आले, आणि थोड्याच वेळात आई गेली. तिचा हात माझ्या हातात होता. कल्याणकडे जाणाऱ्या गाडीचा भोंगा मी त्यानंतर ऐकला. त्या वेळी मनात आलं होतं, अण्णा आत्ता गाडीत चढत असतील. पाऊस एवढा होता की हाक शेजारी पोचली नसती. मग ते डॉक्टरांना घेऊन येईपर्यंत मी तशीच बसून राहिले. डॉक्टरांनी नाडी पाहिली, हात हळूच खाली ठेवला, आणि घर माणसांनी भरलं. सगळे धरून चालले की डॉक्टर यायला थोडक्यात उशीर झाला. अण्णांनीही तेच धरलं होतं, हे मला त्या संध्याकाळपर्यंत माहीत नव्हतं.

मग अण्णांनी त्यांच्या बाजूचं सांगायला सुरुवात केली. कल्याणला ते डॉक्टरांच्या घरी पोचले तेव्हा डॉक्टर जेवायला बसले होते. आतून कुणीतरी बसायला सांगितलं. ओसरीवर एक बाक होता. अण्णा त्या बाकावर बसले, अंगावरून पाणी गळत होतं, आणि आतून ताटवाट्यांचे आवाज येत होते. मोठा माणूस जेवतोय, मध्ये हाक कशी मारायची, म्हणून ते वाट बघत राहिले.

"एकदा हाक मारली, नलू. दुसऱ्यांदा मारली नाही," ते म्हणाले.

तेव्हापासून रोज ते त्या बाकावर बसून होते. कचेरीत, गाडीत, माझ्यासमोर जेवणाच्या पानावर. मी त्यांच्या शेजारी राहत होते आणि ते इथे नव्हतेच. आणि मी, मला तो सगळा वेळ आईजवळ एकटीने बसून काढावा लागला, हे त्यांना ठाऊक नव्हतं. एका घरात दोन माणसं दोन वेगवेगळ्या दुपारी सांभाळत होती.

मग त्यांनी विचारलं, "त्याआधी काही म्हणाली का ती?"

हे विचारायला कुणीतरी हवं होतं. मी म्हटलं, आईने विचारलं होतं, ह्यांनी छत्री नेली ना? मी हो म्हटलं. छत्री खुंटीलाच होती, पण मी हो म्हटलं, आणि तिने डोळे मिटले.

अण्णांनी कंदिलाची वात खाली केली. आमच्यात उरलेल्या त्या अंधुक उजेडात धूर इतका दाट वाटत होता की डोळ्यांत पाणी यायला दुसरं कारण शोधावं लागलं नाही.

मी अनेकदा विचार करते की हे मला मराठीत सांगता आलं असतं का. नसतं आलं. 'आई' म्हटल्याबरोबर माझा आवाज गेला असता. मदर हा शब्द कुणाच्याही आईचा होता. तो मी हातभर लांब धरू शकले, आणि त्याच्या आडून बाकीचं बोलता आलं. पुढे मीही शाळेत शिकवलं, कितीतरी मुलींना हॅड आणि तिसरं रूप समजावलं. फळ्यावर रेघ ओढली, फुल्या केल्या. मुली माना डोलवत. त्यांना एवढंच सांगण्यासारखं असतं. पुढचं ज्याचं त्याला कळतं. आता त्या दुपारची हकीकत माहीत असलेलं माझ्याशिवाय कुणी उरलेलं नाही. कधी वाटतं मुलांना सांगावी. फोनवर ती विचारतात, गोळ्या घेतल्यास का, आणि मी घेतल्या म्हणते.

त्या एका संध्याकाळनंतर आमचं घर एकदम हसतंखेळतं झालं, असं काही झालं नाही. अण्णा दुसऱ्या दिवशीही उंबऱ्याबाहेर उभे राहिले. पण मग आत येऊन म्हणाले, आमटीत मीठ नाही. मला इतकं बरं वाटलं की मी उठून मिठाचं भांडं आणताना मुद्दाम वेळ लावला.

परीक्षेचं केंद्र कल्याणला होतं. इंग्रजीच्या पेपरला अण्णांनी रजा काढली आणि माझ्याबरोबर आले. मी पेपर लिहीत होते तोवर ते फाटकाबाहेर चिंचेच्या सावलीत उभे होते. काळांचा प्रश्न आला होता. कोणत्याला हॅड लावायचा आणि कोणत्याला नाही, हे मला या वेळी लख्ख दिसत होतं. पुढे निकालात मी इंग्रजीत चांगली पास झाले, पण ते नंतरचं.

बाहेर आले तर पेपर कसा गेला हे अण्णांनी विचारलंच नाही. ऊन रणरणत होतं. स्टेशनकडे येताना रस्त्याकडेला रसाचं गुऱ्हाळ लागलं, चरकाला बांधलेले घुंगरू वाजत होते. अण्णा बाकावर बसले, दोन पेले सांगितले, आणि रसवाल्याला म्हणाले की आलं घालू नका. मी त्यांच्याकडे बघितलं, कारण आलं त्यांना आवडायचं. त्यावर ते हसले. म्हणाले, लग्नानंतर तुझ्या आईला पहिल्यांदा घेऊन आलो ते कल्याणलाच उतरलो होतो. ऐट दाखवायची म्हणून तिला रस पाजला, आलं घातलेला. तिने पहिला घोट सरळ माझ्या नव्या कोटावर उडवला आणि पुढे घरापर्यंत बोलली नाही. तेव्हा ती तुझ्याएवढीच असेल.

हे मी पूर्वी कधी ऐकलं नव्हतं. आई माझ्याएवढी होती, हेच मला कधी सुचलं नव्हतं.

दुपारची गाडी रिकामी होती. आम्ही समोरासमोर बसलो. अण्णा खिडकीबाहेर बघत बोलत होते. त्या कोटावरचा डाग कसा गेला नाही, आईने तो कोट कितीदा धुतला, मग तिला स्वयंपाक कसा येत नव्हता, पहिल्या दिवाळीला चकल्या कशा तुटल्या. डोंबिवली आली, तरी त्यांचं लक्ष नव्हतं. मीच म्हटलं, अण्णा, उतरायचं. ते उतरले, पण बोलणं थांबलं नाही. फलाट ओलांडला, घराच्या रस्त्याला लागलो, तरी ते सांगत होते. मी मध्ये एक शब्दही काढला नाही. माझ्या आवाजाने ते थांबतील, अशी मला भीती वाटत होती.